पणजीचं बोट आणि आप्पाचं प्रेम

आमच्या गावच्या जत्रेत दर वर्षी भर दुपारी माझ्या घराचा अपमान होतो. हलगी लावून होतो, आणि त्या हलगीवाल्यांना बोलवायच्या वर्गणीत माझाही हात असतो.

गाव निपाणीपासून फार लांब नाही. ओढ्याच्या काठाला शेंदूर फासलेला एक दगड आहे. इंग्रजांच्या काळात या भागात एक बंडवाला फिरायचा. सावकारांची घरं फोडायचा आणि गोरगरिबांना वाटून टाकायचा, असं गाव सांगतं. शिपायांनी त्याला या ओढ्यात गाठून गोळी घातली. तो पडला तिथं हा दगड. गाव त्याला आप्पा म्हणतं. जत्रेदिवशी दगडाभोवती चुन्याचं रिंगण आखतात. घराघरातून बाई ताट घेऊन येते. ताटात भाकरी, झुणका आणि फोडलेला कांदा, कारण आप्पा दारात येऊन एवढंच मागायचा म्हणे. सगळी ताटं रिंगणात मांडतात, गुरव त्यांच्यावरून पाणी फिरवतो, मग भाकऱ्या मोडून एकत्र करतात आणि गावाला प्रसाद वाटतात.

आमचं ताट रिंगणाच्या बाहेर असतं. गुरवाचा पाण्याचा हात आमच्यापर्यंत येतो आणि वळतो. आमची भाकरी कुणाच्या प्रसादात पडत नाही. गर्दी हटली की कुत्री खातात.

कारण एकच. आप्पाला पकडून दिलं ते माझ्या पणजीनं.

हे खोटं आहे असं मी कधी म्हटलं नाही. तिनं दिलं पकडून. पण का दिलं, हे विचारायची या गावाला गरज वाटली नाही. गेल्या वर्षीच्या जत्रेत तर गावानं त्याच्याही पुढं मजल मारली. तिचं आप्पावर प्रेम होतं, असं ठरवून टाकलं.

मी जनावरांचा दलाल आहे. वडिलांनी मागं ठेवलं ते वाईट नाव आणि हातातली काठी. बाकीचं मी बाजारात उभं राहून कमावलं. आता रस्त्यावर पशुखाद्याचं दुकान आहे, दोन टेम्पो आहेत. उचगाव, काकतीकडची माणसं बैल घेण्याआधी मला फोन लावतात. माझ्या तोंडाला लागायला लोक बिचकतात, ते मला सोयीचं आहे.

ज्यांनी बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरतात. कुठलं बोट, किती बोटं, कुठल्या पेरावर दाब, त्यात सगळा भाव. भोवतीनं पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. पटलं तर हात दाबतात. न पटलं तर सोडतात. हात सोडला की विषय संपला. आणि सगळ्यात मोठा नियम असा की टॉवेलाखाली काहीही चाललं तरी तोंडावर दाखवायचं नाही. भुवई हलली तरी शेजारचा दलाल ओळखतो आणि तुमचं गिऱ्हाईक पळवतो. हल्ली पोरं मोबाइलवर आकडा लिहून दाखवतात. मी अजून टॉवेलच वापरतो.

पणजोबांच्या मांडीत बैलानं शिंग घातलं आणि ते कायमचे लंगडे झाले. त्यानंतर म्हशी घेऊन बाजारात पणजी जायला लागली. त्या काळी बाईनं टॉवेलाखाली परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा म्हणजे गावाला वर्षभराची चर्चा. ती म्हणायची म्हणे, "तुमी माझ्या म्हशी इकून द्या, मी घरात बसती." कुणी पुढं आलं नाही. ती जात राहिली.

एका बाजारात एक परका माणूस खिलारी जोडी घेऊन आला. डोक्याला मुंडासं, अंगात कोरी बंडी, तोंडात विडा. पणजी जोडी बघायला पुढं झाली आणि त्यातल्या एका बैलानं मान लांब करून तिचा हात चाटला. डावा कान फाटलेला. तिनं माहेरी स्वतः वाढवलेलं खोंड होतं ते. माहेर लोंढ्याकडं, जंगलातलं. बैल तिच्या भावाचे होते. तिचा भाऊ सावकार नव्हता. त्याच्याकडं ती जोडी सोडली तर विकायला दुसरं काही नव्हतं.

तिनं टॉवेल टाकला. त्यानं बोटं धरली. तिनं भाव केलाच नाही. ओठ न हलवता म्हणाली, "बैल माझ्या भावाचं हाईत. भाऊ कुठं हाय?"

त्यानं टॉवेलाखाली तिचं करंगळीशेजारचं बोट पकडलं आणि उलटं पिळलं. मोडेपर्यंत पिळलं. वर तो हसत होता, विडा चघळत होता. "बाई, गप घरला जा," म्हणाला. आणि माझी पणजी, जिचं बोट आत मोडत होतं, तीसुद्धा तोंडावर काही न दाखवता उभी राहिली. बाजाराची सवय. ओरडली असती तर पन्नास साक्षीदार मिळाले असते. ती ओरडली नाही. लोकांनी काय पाहिलं? एक बाई आणि एक बाप्या टॉवेलाखाली हात घालून बराच वेळ उभे आहेत, आणि दोघांच्या तोंडावर राग नाही.

तिथून ती सरळ चौकीवर गेली. शिपाई मागावर गेले. ओढ्यात गोळी चालली. बैल भावाला परत मिळाले, पण जोडी लुटली तेव्हा डोक्यात बसलेल्या घावानं भाऊ पुढं औताला उभा राहिला नाही.

हे मला आईनं सांगितलं. आई या घरात सून म्हणून आली तेव्हा पणजी जिवंत होती. मलाही ती थोडी आठवते. माझ्या डोक्याला तेल चोळताना ते वाकडं बोट केसांत अडकायचं. मी कळवळलो की ती म्हणायची, "माझं बोट न्हवं ते, आप्पाचं हाय." मला वाटायचं, देवानं दिलंय.

आता लेखकाकडं येतो.

बेळगावात राहणारा एक निवृत्त प्राध्यापक. स्वच्छ कपडे, हळू बोलणं. दोनेक वर्षांपूर्वी तो माझ्या दारात आला. आप्पावर पुस्तक लिहितोय म्हणाला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, जेवायला बसवलं. आईनं सगळं सांगितलं. बैल, भाऊ, टॉवेल, बोट. आईनं स्वतःचं बोट मागं वाकवून दाखवलं. त्यानं मान डोलवली, माझ्याकडून टॉवेलाचा सौदा पुन्हा पुन्हा समजून घेतला. जाताना आईच्या पाया पडला. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी कुणीतरी लिहील.

पुस्तक आलं. ऐतिहासिक प्रेमकथा. मुखपृष्ठावर घोडा, घोड्यावर आप्पा, आणि त्याच्या पुढ्यात एक गोरीपान बाई. माझ्या पणजीचा रंग म्हशीच्या पाठीसारखा काळा होता, आणि ती उभ्या जन्मात घोड्यावर बसली नव्हती.

टॉवेल होता पुस्तकात. भाऊ नव्हता, बैल होते पण ते सावकाराचे होते, आणि बोट शाबूत होतं. टॉवेलाखाली आप्पा तिचा हात धरतो, दोघांच्या तळहातांची ओळख पटते, तिच्या गालांवर लाली चढते. पुढं चोरून भेटी, चांदणं वगैरे. शेवटी एक सावकार जळून फितुरी करतो, आणि ओढ्यात ती आप्पाच्या अंगावर पडून त्याच्या वाटणीची गोळी झेलते. दोघं मरतात.

मी वाचलं आणि त्याला फोन लावला.

"सर, त्यानं हात किती वेळ धरलाय तुमच्या पुस्तकात?"

"असेल दीड-दोन पानं. आवडलं का?"

"आणि बोट कधी मोडतंय?"

"अहो, बोटाचं मी विचार करून काढलं. वाचकाला ते पटत नाही. आणि मी तुमच्या पणजीवरचा डागच पुसलाय. फितूर नाही ठेवलं मी तिला."

"तुमी तिला मारून टाकलंय."

"अमर केलंय."

मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्यानं फोन ठेवला.

जत्रा जवळ आली तेव्हा कमिटीचा अध्यक्ष माझ्या दुकानात आला. आम्ही एका वर्गात होतो. त्याचा ऊस बराच आहे आणि आवाज त्याहून मोठा आहे. पेंडीच्या पोत्यावर बसला, पाय हलवत.

"मर्दा, यंदा जत्रंला सरांच्याच पुस्तकाचं नाटक बसवतोय."

"बसवा की. मला कशाला सांगतोस?"

"ऐक तरी. तुझं ताट आत घ्यायचं ठरलंय."

मी पेंडीचं वजन करत होतो. काटा तसाच सोडला.

"का?"

"का म्हंजे? आता ती आप्पाची माणूस झाली न्हवं का. आप्पाची ती गावची. कमिटीत सगळ्यांनी मान डोलावली. गुरवपण व्हय म्हणाला. तुझ्या आईच्या हातनं यंदा ताट आत."

जनावर आपणहून दावं तोडून माझ्या दारात आलं की मी आधी त्याचे दात बघतो. "आणि बदल्यात?"

"काय न्हाय. तू फक्त बोटाचं बोलायचं बंद कर. गावभर बोंबलत फिरतोस, सरांस्नी शिव्या देतोस. जत्रंच्या दिवशी भाईरचे पाव्हणे असत्यात. शोभतंय व्हय?"

मला आईचं पहिलं ताट आठवलं. आई साठेक वर्षं ते ताट बाहेर ठेवत आली. पहिल्या जत्रेत ती नवी सून होती, अंगावर हिरवी साडी, डोक्यावर ताट, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तिकडं, भाईर, फितुराच्या घरच्या सुनंनं भाईर ठेवायचं." तिला कुणी आधी सांगितलेलंच नव्हतं. आता तिचे गुडघे गेलेत. अजून किती जत्रा तिच्या वाट्याला आहेत कुणास ठाऊक. ते ताट आत गेलेलं तिनं बघावं, एवढं मला हवं होतं. मी कमावलेल्या कशानंही ते झालं नव्हतं. मांडव मी दिला, तो त्यांनी घेतला. ट्रॅक्टरभर कडबा दिला, घेतला. भाकरी घेतली नाही.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. म्हणजे सौदा सुरू झाला.

मराठी शाळेच्या व्हरांड्यात तालीम चालायची. मी दुपारी गेलो. नटी मिरजेकडून आणली होती, चाळिशीची, थर्मासमधून चहा पीत बसलेली. आप्पा झाला होता आमचाच एक पंचायत मेंबर, ज्याला स्वतःची म्हैस पिळता येत नाही. लेखक खुर्चीवर. टॉवेलाचा प्रवेश चालला होता. मेंबरनं टॉवेलाखाली नटीचा हात धरला आणि आकाशाकडं बघून मोठा श्वास घेतला.

"हात असा धरत न्हाईत," मी म्हणालो.

मेंबर हसला. "मग अण्णा, दावा की कसा धरत्यात. तुमचा धंदाच हाय."

मी पुढं गेलो. टॉवेल टाकला, त्याचं बोट धरलं आणि पिळलं. जोरात नाही. त्यानं शाळा डोक्यावर घेतली.

"मेलो की ओ! सोडा, सोडा!"

"तोंड हालवायचं न्हाय," मी म्हणालो. "आप्पा हाईस न्हवं तू? हास. विडा चघळ. आणि ती बाई हिच्यागत उभी ऱ्हायलीती, गप."

अध्यक्षानं मला मागून धरलं. नटीनं चहाचा घोट घेतला आणि लेखकाला विचारलं, "सर, असा हात धरणाऱ्याच्या अंगावर पडून मी मरायची?"

पोरं हसली. लेखक हसला नाही. उठून माझ्याजवळ आला, आणि मला मान्य करायला हवं, तो घाबरलेला नव्हता.

"तुमचं खरं असेल," तो हळू म्हणाला. "मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या खऱ्यानं शंभर वर्षांत तुमचं ताट आत आलं नाही. माझ्या खोट्यानं येतंय. आता तुम्ही ठरवा."

मी भाव करायला लागलो. मला तेवढंच येतं.

"प्रेम ऱ्हाऊ दे तुमचं. पण बोट मोडायचं."

"प्रेमही आणि बोटही? लोक माझ्या अंगावर चप्पल टाकतील. नाही जमणार."

"मग ती मरायची न्हाय."

"शेवटच तो आहे हो! बायका त्यासाठी येणार."

"सर, ती मेली तर माझा आजा कुणाच्या पोटी जन्मला? तवा तो पाळण्यातसुदिक न्हवता. आमी सगळं घर काय वळवाच्या पावसातनं पडलोय? गावासमोर तिला मारायचं आणि दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायचं, हे कसं?"

नटी म्हणाली, "खरं हाय त्यांचं. आणि मला पण पडायचं म्हंजे कंबर दुखती."

बराच वेळ ओढाताण झाली. अध्यक्ष मध्ये पडला. शेवटी ठरलं असं: पणजी मरणार नाही. आप्पा एकटा पडेल, ती ओढ्याकाठी उभी राहील, पडदा. आमचं ताट आत. आणि मी बोटाचा विषय काढायचा नाही. जत्रेतही नाही आणि पुढंही नाही. अध्यक्षानं हात पुढं केला, मी दाबला. घरी येताना मला वाटलं, वाईट नाही झालं. दिलं काय, एक बोट. मिळवला तिचा जीव आणि आईचं ताट.

आई शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"मग बोट?"

"बोट सोडलं."

"सोडलंस."

"आये, ताट आत येतंय. तुला समजतंय का?"

"समजतंय की. मी काय खुळी हाय?" एक किडका दाणा तिनं अंगणात फेकला. "तुला म्हाईत हाय का, ती म्हातारी गावात सगळ्यात चांगला झुणका कराची. जत्रंच्या दिवशी तर दोनदा चव बघाची. मी म्हटलं, आजी, कुत्रीच खाणार न्हवं, कशाला एवढं? म्हणाली, कुत्र्याला खाऊ दे, पण चवीचं खाऊ दे."

"मग न्यायचंच कशाला ताट? बसायचं घरात."

"मी बी तेच म्हटलं तिला. तर म्हणाली, न्हाय नेलं तर म्हणतील भ्याली."

एवढं बोलून ती टरफलं गोळा करायला लागली. आत न्यायचं की नाही, हे तिनं सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. ती आनंदात असेल असं मी धरून चाललो. ही माझी चूक. जनावराच्या बाबतीत मी असं कधी धरून चालत नाही.

जत्रेच्या दिवशी आईनं झुणका स्वतः केला. चव दोनदा बघितली. मी तिला टेम्पोत पुढच्या सीटवर बसवून ओढ्यापर्यंत नेलं, तिथून हाताला धरून. गर्दी होती. पाहुणे होते, निपाणीहून मोठी माणसं आली होती, मांडवात पहिल्या रांगेत लेखक, गळ्यात शाल. चुन्याचं रिंगण ताजं आखलेलं, आणि दगडाच्या अगदी जवळ, पहिल्या ओळीत, एका ताटाची जागा मोकळी सोडलेली. अध्यक्ष माइकवर होता.

"आज एक मोठी गोष्ट घडतीया! आप्पाच्या लाडक्या माणसाच्या घरचं ताट आज आत येतंय! या आक्का, या!"

हलगी वाजायला लागली. बायकांनी वाट करून दिली. आई रेघेपर्यंत आली आणि थांबली. ताट एका हातावर होतं. दुसऱ्या हातानं तिनं माझा हात धरला आणि पदराखाली घेतला. लोकांना वाटलं म्हातारीला आधार हवा आहे. मलाही तसंच वाटलं.

पदराखाली तिनं माझं करंगळीशेजारचं बोट शोधलं. धरलं. जरासं मागं वाकवलं. दुखलं नाही, पण आता दुखेल असं वाटलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तोंडावर काही नव्हतं. ती दगडाकडं बघत होती.

मग तिनं हात सोडून दिला.

हात सोडला म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

तिनं वाकून ताट रेघेच्या बाहेर ठेवलं. जिथं दर वर्षी ठेवते तिथंच. वरचा कापडाचा तुकडा काढला, भाकरी नीट सारखी केली आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

अध्यक्ष माइक तोंडाला तसाच धरून म्हणाला, "आक्का, आत. आत ठिवायचं हाय."

"आत कुणाला ठिवू?" आई म्हणाली. "बोट मोडणाऱ्याला?"

माइक चालू होता. ते सगळ्या ओढ्यावर ऐकू गेलं. हलगी थांबली. आणि मग मला आवरलं नाही. मी सगळंच बोललो. बैल कुणाचे होते, कान कुठला फाटला होता, भावाच्या डोक्यात काय घातलं, बोट कुठल्या पेरावर मोडलं. लेखकाला उभं राहून सांग म्हटलं, तुला माझ्या घरात बसून हे सांगितलं होतं की नाही. तो खाली शालीच्या टोकाकडं बघत बसला.

मला वाटत होतं, ऐकल्यावर निदान कुणी तरी गप्प होईल. एक म्हातारी माझ्याच शेजारून म्हणाली, "मोडलं आसंल. देवमाणूस हुता, राग आला आसंल." दुसरा म्हणाला, "एका बोटासाठी माणूस मारला व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं, "फितुराची अवलाद!" मी त्या दिशेला गेलो, चार जणांनी मला धरलं. गुरवानं घाईघाईनं पाणी फिरवलं. आमच्या ताटापाशी त्याचा हात आला आणि वळला. सवयच ती.

आई तोवर टेम्पोकडं चालायला लागली होती. एकटी.

सौदा मी मोडला होता, म्हणून त्यांनीही मोडला. त्या रात्री नाटकात पणजी मेली. आम्ही गेलो नाही, पण कर्णा आमच्या घराकडंच तोंड करून बांधलेला. टॉवेलाच्या प्रवेशाला शिट्ट्या पडल्या. शेवटी नटीनं फोडलेला हंबरडा आणि त्यावर सगळ्या गावच्या बायकांचं हुंदके देणं, सगळं ऐकलं. कंबर दुखत असूनही बाईनं काम चांगलं केलं असणार. आई म्हणाली, "मेली वाटतं," आणि कूस बदलली. सकाळी मी नेहमीप्रमाणे टेम्पोत म्हशी चढवल्या. मेलेल्या बाईचा पणतू.

ते नाटक आता गावोगावी चालतं. पलीकडं कोल्हापूरकडच्या गावांतही गेलंय. अध्यक्ष माझ्याशी बोलत नाही. पेंड दुसऱ्याकडून नेतो, आणि महाग नेतो. यंदाच्या जत्रेला आईचे गुडघे फारच धरले होते, तेव्हा ताट मी घेऊन गेलो. बाप्यानं ताट आणायची रीत नाही, लोक हसले. झुणका आईनं बसून सांगितला, मी केला, चव दोनदा बघितली. चुना टाकणाऱ्या माणसानं मला विचारलं, "अण्णा, रेघ कुठनं घेऊ?" मी म्हटलं, होती तिथनंच घे. ताट बाहेर ठेवलं आणि गुरव वळेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

बाजारात अजून त्या नाटकाचं निघतं. मी टॉवेल टाकला की समोरचा एखादा शहाणा डोळा मारतो, भोवतीच्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "हळू धरा अण्णा, प्रेम बसंल!" सगळे हसतात. मीही हसतो. टॉवेलाखाली त्याचं करंगळीशेजारचं बोट शोधतो आणि सावकाश मागं न्यायला लागतो. माझ्या तोंडावर काही नसतं. त्याला ओरडायचं असतं, पण भोवती दलाल उभे असतात, आणि भर बाजारात त्यालाही तोंडावर काही दाखवता येत नाही.